अण्णांचा उजवा कान : एक दीर्घ धागा

या धाग्यांत एरवी किल्ले, नाणी, ताम्रपट आणि मोडी कागद येतात. आज ज्या साधनाविषयी लिहीत आहे, ते सोलापूरच्या नवी पेठेतील एका कापड दुकानाच्या पिशवीत कित्येक वर्षे पडून होते. पिशवीत माझ्या वडिलांचे, अण्णांचे, श्रवणालेख आहेत. म्हणजे कानाच्या तपासणीचे कागद. एकूण सात. पहिला १९८१ चा, शेवटचा २०१६ चा. या ३५ वर्षांत एका माणसाच्या उजव्या कानाचे काय झाले, एवढाच त्यांचा विषय. परंतु ते वाचता यावेत म्हणून मला सोळाव्या शतकापर्यंत मागे जावे लागले आणि परतताना आपल्याच शहरातील गिरण्यांपाशी थांबावे लागले. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

प्रथम साधनाची ओळख. श्रवणालेखावर डावीकडून उजवीकडे स्वराची उंची वाढत जाते, २५० हर्ट्‌झपासून ८००० हर्ट्‌झपर्यंत. वरून खाली आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये मांडलेली असते. रेषा जितकी खाली, तितके ऐकणे कमी. प्रत्येक कानासाठी दोन रेषा काढतात. पहिली कानावर लावलेल्या श्रवणयंत्रणेतून, हवेच्या वाटेने गेलेल्या आवाजाची. दुसरी कानामागच्या हाडावर कंपक टेकवून, हाडाच्या वाटेने थेट आतल्या कानापर्यंत पोचवलेल्या आवाजाची. हाडाची रेषा वर आणि हवेची खाली असेल, तर आतला कान शाबूत आहे आणि बिघाड मधल्या वाटेवर, म्हणजे पडद्यात किंवा त्यामागच्या हाडांच्या साखळीत आहे. दोन्ही रेषा एकत्रच खाली गेल्या, तर बिघाड आतल्या कानाचा. या दोन रेषांमधल्या अंतराला कानाचे सर्जन अतिशय जपतात. पुढची सगळी कथा याच अंतराची आहे.

मधल्या कानातील तीन हाडांची मराठी नावे शाळेत सर्वांनी पाठ केलेली असतात : हातोडी, ऐरण, रिकीब. गडकोटांवर प्रेम करणाऱ्यांना रिकीब समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या वस्तूत पाय रोवून मराठ्यांचे घोडदळ मुलूख तुडवीत गेले, तिच्या आकाराचे हे हाड अवघे ३ मिलिमीटर उंचीचे आणि सुमारे ३ मिलिग्रॅम वजनाचे. मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड ते हेच. १५४६ साली नेपल्स येथे इंग्रासिया या शरीरशास्त्रज्ञाने ते ओळखले, असे सामान्यतः मानतात. श्रेयावरून त्या काळी वादही झाले. हाड कितीही लहान असले, तरी त्याचे काम मोठे आहे. आतल्या कानात द्रव असतो, आणि हवेतील आवाज द्रवावर आदळला तर बहुतेक परत फिरतो. तो आत ढकलायला जोर लागतो. पडद्याचे कार्यक्षम क्षेत्रफळ सुमारे ५५ चौरस मिलिमीटर आणि रिकिबीच्या तळव्याचे सुमारे ३.२, म्हणजे साधारण १७ पट दाब. त्यात हातोडी आणि ऐरण यांच्या तरफेची १.३ पट भर. एकूण फायदा २५ डेसिबलच्या आसपास. साखळी तुटली, की हा फायदा जातोच, शिवाय आणखीही जाते.

अण्णांची साखळी तुटली होती. लहानपणापासून त्यांचा उजवा कान वाहत असे. त्या काळी घरोघरी असे एखादे मूल असायचेच. कानात गरम तेल, लसणाची पाकळी, कापसाचा बोळा एवढेच उपचार होत. दीर्घकाळच्या पुवाने पडद्याला मोठे भोक पडले, आणि ऐरणीचा लांब दांडा झिजला. या दांड्याला रक्तपुरवठा बेताचाच असतो, म्हणून अशा रोगात बहुधा तोच प्रथम बळी जातो. डाव्या कानाच्या पडद्यालाही भोक होते, पण लहान आणि कोरडे. तो कान पुढेही तसाच राहिला. त्याची आठवण ठेवावी, धाग्याच्या उत्तरार्धात तो साक्षीला येणार आहे.

आता थोडा जगाचा इतिहास. वाहणाऱ्या कानाची शस्त्रक्रिया शतकभर एकाच हेतूने होत आली : जीव वाचवणे. पू मेंदूपर्यंत पोचला तर माणूस दगावे. १८७३ साली जर्मनीतील श्वार्त्से यांनी कानामागचे हाड कोरून पू बाहेर काढण्याची पद्धत शास्त्रशुद्ध केली. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस आणखी मोठी, सगळे सडलेले काढून टाकणारी शस्त्रक्रिया आली. तिच्यात साखळीचे अवशेषही जात. रोगी जगे, कान बहिरा होई, आणि कोणी तक्रार करीत नसे. जिवाच्या बदल्यात कान हा सौदा सर्वांना रास्त वाटत होता.

ऐकणे परत मिळवण्याचे प्रयत्न बाजूच्या गल्लीतून चालले होते. १६४० साली बांत्सर नावाच्या जर्मन वैद्याने एल्क या प्राण्याच्या खुरापासून केलेल्या नळीवर डुकराच्या मूत्राशयाचा पडदा ताणून तो कानात बसवण्याची कल्पना मांडली. १८५३ मध्ये लंडनचे टॉयन्बी यांनी चांदीच्या तारेवर बसवलेली रबराची चकती आणली. रोगी ती स्वतः घाली आणि काढी. १८७८ मध्ये बेर्टोल्ड यांनी पडद्याच्या भोकावर त्वचेचा तुकडा लावून पाहिला.

इथे पुण्याचे नाव निघणार, हे मला ठाऊक आहे. १७९३ च्या सुमारास पुण्यात कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक एका कुंभार जातीच्या वैद्याने कपाळाच्या त्वचेपासून पुन्हा घडवले. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात ते कापले गेले होते. १७९४ साली ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये छापून आली आणि युरोपात नवी शल्यविद्या त्यामुळे जागी झाली. अभिमान जरूर बाळगावा. परंतु त्या नाकाची त्वचा कपाळाशी जोडलेलीच होती, तिला स्वतःचे रक्त मिळत होते. कानाच्या पडद्यासाठी लावलेला तुकडा सुटा असतो. शेजारच्या पेशींकडून उधार घेऊन तो जगतो किंवा मरतो. एकाची परंपरा दुसऱ्याला जोडून देण्याचा मोह आवरलेला बरा.

खरे वळण आले ते १९५० च्या दशकात. पेनिसिलिन हाती होते. १९५३ साली त्साइस कंपनीचे शस्त्रक्रियेचे सूक्ष्मदर्शक बाजारात आले. आणि जर्मनीतील दोन सर्जन, वुल्श्टाइन आणि त्स्योल्नर, यांनी जुना सौदा मोडीत काढला. रोग काढायचा, कान कोरडा करायचा आणि त्याच टेबलावर ऐकण्याची वाट पुन्हा बांधायची. वुल्श्टाइन यांनी या पुनर्रचनेचे पाच प्रकार सांगितले. साखळीचे जेवढे शिल्लक असेल, त्यानुसार प्रकार ठरे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने खरे पाहावे ते यानंतरच्या वर्षांत. वुल्श्टाइन यांनी प्रथम पडद्यासाठी त्वचा वापरली आणि साखळीच्या जागी पॅलाविट नावाच्या प्लॅस्टिकचा खांब उभा केला. पहिल्या काही महिन्यांत रोग्यांना सुरेख ऐकू येई. मग शरीर प्लॅस्टिक बाहेर ढकलू लागे, आणि त्वचा ओलसर होऊन सोलवटे किंवा पुन्हा फाटे. पॉलिथीनच्या नळ्यांचीही गत तशीच झाली. या शास्त्रात एका वर्षाचा निकाल आणि पाच वर्षांचा निकाल हे जवळजवळ दोन वेगळे पक्ष आहेत, आणि प्रत्येक नवे द्रव्य दुसऱ्या पक्षाच्या दबावाने आले. त्वचेची जागा कानशिलावरील स्नायूच्या पातळ आवरणाने घेतली. ते तिथेच, त्याच जखमेतून मिळते, आणि बहुतेक अहवालांत दहांपैकी आठ-नऊ रोग्यांत पडदा धरतो. प्लॅस्टिकच्या जागी रोग्याची स्वतःचीच ऐरण बाहेर काढून, कोरून, हातोडी आणि रिकीब यांच्यामध्ये पुन्हा बसवू लागले. नंतर हाडासारखे खनिज आले, १९९० च्या दशकात टायटॅनियम आले. तरीही साखळीची पुनर्रचना आजतागायत पडद्याइतकी भरवशाची नाही. रिकीब शाबूत असेल, तर साधारण दोन-तृतीयांश रोग्यांत दोन रेषांमधले अंतर २० डेसिबलच्या आत येते. रिकिबीच्या कमानीही गेल्या असतील, तर निम्म्याच्या आसपास. आणि वर्षे जातात, तसे यातलेही काही मागे सरकतात. पडदा आत ओढला जातो, हाड जागेवरून हलते, नाकामागून कानात हवा आणणारी नळी दगा देते.

या पार्श्वभूमीवर अण्णांचा कान पाहावा. ऑगस्ट १९८१. शहरातील एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. कानशिलावरचे आवरण घेतले, स्वतःची झिजलेली ऐरण कोरून बसवली. शस्त्रक्रियेपूर्वीच्या आलेखात ५००, १००० आणि २००० हर्ट्‌झवर हवेची रेषा तिन्ही ठिकाणी ५० डेसिबलवर. हाडाची रेषा १०, १५, २० वर. सरासरी अंतर ३५. पुढच्या वर्षीच्या आलेखात हवेची रेषा २५, २५, ३५. हाडाची १०, १०, २०. अंतर १५. कान कोरडा. कोणत्याही देशातील कोणत्याही सर्जनला अभिमान वाटावा, असा हा निकाल.

पट्टी निघाल्यानंतरची एक सकाळ घरात अनेकदा सांगितली जाई. आई भाकऱ्या थापत होती. अण्णा उठून स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "भाकरी थापायचा आवाज एवढा असतो?" आई म्हणाली, "रोज हाच असतो." लग्नाला तेव्हा सतरा वर्षे झाली होती.

सहा आठवड्यांनी ते कामावर रुजू झाले.

आजवर एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. अण्णा १९५८ पासून शहरातील एका कापडगिरणीत विणकर होते. सोलापूरची पहिली मोठी गिरणी, जुनी गिरणी म्हणून ओळखली जाणारी, १८७० च्या दशकात मोरारजी गोकुळदासांनी काढली. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशी नावे जोडली गेली. शहराचे घड्याळ गिरण्यांच्या भोंग्यांवर चाले. या गिरण्यांचा राजकीय इतिहास आपण पुष्कळ वाचतो. त्यांच्या आवाजाचा इतिहास कोणी लिहीत नाही. विणाई विभागात धोटा मागाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो, तिथे आदळून थांबतो आणि परत फेकला जातो. हे मिनिटाला शंभराहून अधिक वेळा. एका छताखाली असे शेकडो माग. धोट्याच्या मागांच्या अशा विभागांतील आवाज ९५ ते १०५ डेसिबल भरतो. भारतात आठ तासांच्या पाळीसाठी ९० ही मर्यादा मानली जाते. अण्णा आणि त्यांचे जोडीदार आत बोलत नसत, ओठांच्या हालचाली आणि बोटांच्या खुणा यांवर भागवीत. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांत असेच ओठ ताणून बोलत आणि त्याला मी-मॉइंग असे गमतीदार नाव होते. आमच्याकडे त्याला नाव नव्हते, ते फक्त काम होते.

कामाने कान जातो, हे ज्ञान जुने आहे. इटलीतील रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच तांबटांच्या बहिरेपणाविषयी लिहिले. १८८६ साली ग्लासगोचे बार यांनी बॉयलर बनवणारे, लोखंड ओतणारे आणि टपाल वाटणारे अशा प्रत्येकी शंभर माणसांचे कान तपासून तुलना मांडली. १९६५ साली डंडी येथील ताग विणणाऱ्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला; तो ताग बंगालचा, ही आपली बाजू. त्यात दिसले असे, की पहिल्या दहा-पंधरा वर्षांत ४००० हर्ट्‌झच्या आसपास ऐकणे झपाट्याने खचते, मग काही काळ थबकते, आणि आणखी वर्षे गेली की नुकसान बोलण्याच्या स्वरांकडे, २००० हर्ट्‌झकडे सरकते. हे नुकसान आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशींचे असते. त्या पुन्हा उगवत नाहीत, आणि कोणताही सर्जन त्या शिवून देऊ शकत नाही.

आता ज्या विचाराने मी काही रात्री जागून काढल्या, तो सांगते. कानात मळ असला, बोळा असला किंवा साखळी तुटलेली असली, तर बाहेरचा आवाज आत पोचेपर्यंत क्षीण होतो. म्हणजे अण्णांचा रोगट उजवा कान विणाई विभागात एक प्रकारचे बूच होता. सरासरी ३५ डेसिबलचे बूच. बाहेर १०० डेसिबलचा कल्लोळ असला, तरी आत पोचणारा भार बराच कमी. शस्त्रक्रियेने ते अंतर १५ वर आणले. फरक २० डेसिबलचा. डेसिबल हे मोजमाप फसवे आहे. २० डेसिबल म्हणजे ऊर्जेत शंभरपट. कुशल हातांनी उघडलेल्या त्या वाटेने अण्णा सहा आठवड्यांनी पुन्हा मागांत जाऊन उभे राहिले आणि पुढची चौदा वर्षे उभेच होते.

त्यांना कोणी सांगितले नाही का? सांगितले. पिशवीत रुग्णालयातून घरी सोडतानाचे कार्ड आहे. कानात पाणी जाऊ देऊ नये. नाक जोरात शिंकरू नये. थंड पदार्थ टाळावेत. कार्डाच्या माथ्यावर छापील रकाने आहेत : नाव, वय, पत्ता, व्यवसाय. व्यवसायापुढे शाईने एकच शब्द लिहिला आहे : 'नोकरी'.

१९८८ चा आलेख पाहिला, की नवी खूण दिसते. दोन रेषांतील अंतर १५ वरच आहे. पण ४००० हर्ट्‌झवर हाडाची रेषा, जी १९८१ मध्ये ३५ वर होती, ती ५५ वर गेली आहे. १९९५ मध्ये गिरणी बंद झाली, त्या वर्षीच्या आलेखात ती ७० वर आहे आणि घसरण २००० हर्ट्‌झपर्यंत येऊन पोचली आहे. तिथे हाड ४५ वर, हवा ५५ वर. मधले अंतर आता १०. म्हणजे सर्जनच्या मोजमापाने निकाल सुधारला होता.

डाव्या कानाची साक्ष इथे. त्याचे छोटे भोक तसेच होते, अंतर २५ च्या आसपास कायम. १९८१ मध्ये त्याच्या हाडाची रेषा ४००० हर्ट्‌झवर उजव्यासारखीच ३५ वर. १९९५ मध्ये ५० वर. डोके एकच होते, गिरणी तीच, पाळ्या त्याच आणि वयही तेवढेच. दुरुस्त केलेला कान ३५ डेसिबल खचला, न केलेला १५. मी इतिहास शिकले आहे, म्हणून एका साधनावर मनोरा उभारू नये हे जाणते. उजव्या कानात रोग जास्त काळ होता, आणि दीर्घ पुवाने आतला कानही हळूहळू झिजतो. दोन कानांच्या तुलनेतून नियम निघत नाही. पण दिशा दिसते, आणि ती दिशा त्या कार्डावरच्या एका शब्दाकडे जाते.

याच १९९५ साली अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने अशा शस्त्रक्रियांचे निकाल कसे कळवावेत, याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तोवर ज्याला जसे सोयीचे, तसे जो तो लिहीत असे. त्यामुळे हे काम आवश्यकच होते. ५००, १०००, २००० आणि ३००० हर्ट्‌झ या चार ठिकाणांची सरासरी घ्यावी, आणि मुख्य मोजमाप म्हणजे हवा व हाड यांतले अंतर किती मिटले ते. ४००० चा विचार हाडाच्या रेषेपुरता येतो, शस्त्रक्रियेने स्वतःच आतल्या कानाला इजा केली का हे पाहण्यासाठी. हे रास्त आहे. ज्याची दुरुस्ती केली, त्याचाच हिशेब सर्जन देणार. पण म्हणून अण्णांसारख्या माणसाचा माग त्या हिशेबात कुठेच दिसत नाही. दोन्ही रेषा हातात हात घालून खाली गेल्या, तर अंतर तेवढेच राहते, आणि अहवाल 'यशस्वी' असाच लिहिला जातो. दप्तर खोटे नसते. ते कशासाठी ठेवले होते, हे विसरून वाचले की चुकते. जमाबंदीच्या कागदात भूक शोधणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

दुसऱ्या दप्तराचीही तीच तऱ्हा. कामामुळे आलेला बहिरेपणा भारतात १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याखाली भरपाईस पात्र होता. तरी अशी पहिली भरपाई १९९६ मध्ये मिळाली, असे आपल्याकडील व्यवसाय-आरोग्याच्या लेखनात नोंदलेले आहे. अण्णांची गिरणी त्याच्या एक वर्ष आधीच बंद झाली होती.

गिरणी सुटल्यावर अण्णा नवी पेठेत एका कापड दुकानात लागले. ज्यांनी सोलापूर पाहिले नाही, त्यांच्यासाठी सांगते, की नवी पेठ म्हणजे आमच्या शहराची खरेदीची वाट. लग्नाचा बस्ता असो की दिवाळीचे कपडे, पाय तिकडेच वळतात. गिऱ्हाईक मराठी बोलते, कन्नड बोलते, तेलुगू बोलते, दखनी हिंदी बोलते, आणि दोघी जणी आल्या तर दोन्ही एकदम. पंचावन्न वर्षांचा माणूस आयुष्यात प्रथमच अशा नोकरीत आला होता, जिथे ऐकणे हेच काम होते. मागांपुढे तो कान चालून गेला होता. इथे चालेना.

उंच स्वर गेले, की माणसाला आवाज ऐकू येतो पण शब्द उकलत नाहीत. स्वर जाड असतात, ते पोचतात. स, श, त, थ, फ ही व्यंजने पातळ आणि उंच असतात, ती गळून पडतात. साठ आणि आठ यांत फक्त एक 'स' आहे. कापड दुकानात तेवढ्यावरून भांडण होते. अण्णांनी त्यावर उपाय काढला. शर्टाच्या खोक्यातून निघणारा पांढरा पुठ्ठा ते गल्ल्याशेजारी रचून ठेवीत, आणि गिऱ्हाइकाने भाव म्हटला की पेन्सिलीने पुठ्ठ्यावर लिहून त्याच्यापुढे धरीत. गिऱ्हाईक मान हलवी किंवा हसून खोडी. मालकांना वाटे, माणूस व्यवहाराला चोख आहे. दिवाळीच्या गर्दीत एकदा मी त्यांना डबा द्यायला गेले होते. काउंटरपलीकडे सहा-सात बायका एकाच वेळी बोलत होत्या आणि अण्णांचे डोळे एकीच्या ओठांवरून दुसरीच्या ओठांवर फिरत होते. विणाई विभागातले तेच कौशल्य. मला तेव्हा ते ओळखू आले नाही. मला वाटले, ते गोंधळले आहेत, आणि मला थोडी लाज वाटली.

२००७ मध्ये त्यांनी उजव्या कानात श्रवणयंत्र घातले. शस्त्रक्रियेचे श्रेय इथे पुन्हा मोजायला हवे. वाहत्या कानात यंत्राचा साचा बसत नाही. बसवला तर कान आणखी वाहतो. अण्णांचा कान १९८१ नंतर एकदाही वाहिला नाही. म्हणून यंत्र बसले. शिवाय ज्या कानाची साखळी जोडलेली आहे, त्याला यंत्राने कमी आवाज द्यावा लागतो. वुल्श्टाइन यांच्या पिढीने ज्या दोन गोष्टी एका टेबलावर आणल्या, कोरडा कान आणि चालती साखळी, त्यांतली पहिली किती मोलाची, हे श्रवणाच्या आकड्यांत सहसा दिसत नाही.

शेवटचा आलेख २०१६ चा. हवेची रेषा ४०, ५०, ७०. हाडाची ३०, ४०, ६०. ४००० वर हाडाच्या वाटेने काहीच नाही. अंतर १०. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांनी जुने कागद चाळले आणि खरोखर आनंदाने म्हणाले, "पस्तीस वर्षांपूर्वीचं काम आहे हे! अजून जसंच्या तसं आहे." अण्णांना ते ऐकू आले नाही. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा सांगितले. ते म्हणाले, "असणारच. हात चांगला होता त्यांचा."

घरी आल्यावर मी सरासरी काढली. १९८१ मध्ये, शस्त्रक्रियेपूर्वी, हवेच्या रेषेची सरासरी ५० होती. १९८२ मध्ये २८. १९९५ मध्ये ३८. २०१६ मध्ये ५३. म्हणजे जिथून निघालो, त्याच्या तीन पायऱ्या खाली. साखळी तुटलेलीच राहिली असती, तर आणि मागही तोच असता, तर आकडा काय आला असता, हे मी बरेच दिवस वेगवेगळ्या रीतींनी मांडून पाहिले. वय धरले, बूच धरले, पुवाची झीज धरली. उत्तर प्रत्येक वेळी निराळे येई. अखेर मी अण्णांनाच विचारले, की आधी माहीत असते, तर तुम्ही शस्त्रक्रिया करून घेतली असती का? प्रश्न पुठ्ठ्यावर लिहून विचारला, कारण यंत्र काढून ठेवलेले होते.

त्यांनी तो वाचला आणि बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "अगं पोरी, एक्याऐंशीत तू सहा वर्षांची होतीस. फार बोलायचीस." आणि पुठ्ठा उलटा करून ठेवला.

अण्णा २०१९ मध्ये गेले. पिशवीतले कागद आता मी तारखांनुसार लावले आहेत. साधनावर काही लिहू नये, हा आपल्या विद्येचा पहिला नियम, आणि मी इतरांना तो बजावत असते. तरीही १९८१ च्या कार्डावर, 'व्यवसाय : नोकरी' या शाईतल्या शब्दापुढे, मी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले आहे : विणकर, २३ वर्षे, दोन माग.

पेन्सिल आहे, खोडता येते.